मधल्या काळात गाडी कोणाची?

ऑफिसात कोणी परराज्यातली जुनी गाडी घेतोय म्हटलं की दोन प्रश्न हमखास येतात. कितीला पडली? आणि ॲव्हरेज किती देते? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून आजचा हा लेखनप्रपंच. प्रश्न असा की किल्ली हातात आल्यापासून आरसीवर तुमचं नाव लागेपर्यंत ती गाडी नक्की कोणाची असते?

आम्ही कोड लिहिणारे लोक या बाबतीत जरा लाडावलेले असतो. बँकेतून पैसे पाठवले की एकतर पोचतात, नाहीतर परत येतात. ते मध्येच लटकू नयेत म्हणून डेटाबेसवाल्यांनी कित्येक वर्षं डोकं खपवलंय. गाडीचं तसं नाही. गाडी आज हैदराबादहून निघते आणि नाव बदलतं जालन्यात, दोन-अडीच महिन्यांनी. मधले दिवस ती लटकलेली, आणि लटकलेली असूनही रस्त्यावर पळते.

तर ही गोष्ट २०२३ ची. बाबा रिटायर झालेले, अंबडच्या बाजूला थोडी मोसंबी आहे (जालना जिल्हा म्हटल्यावर मोसंबी आलीच. स्टील आणि बियाणं आमच्या घरात नाही). उन्हातान्हात मोटरसायकलवर जाणं आता पुरे, म्हणून एक छोटी गाडी बघायची ठरली. माझ्याच टीममधला एक तेलुगू मित्र ऑगस्टमध्ये डॅलसला जाणार होता. २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, टीएस-०७, म्हणजे रंगारेड्डी जिल्ह्याचं पासिंग. गाडी नीट ठेवलेली, सर्व्हिसचे सगळे कागद जपलेले. तो म्हणाला, "ले लो भाई, टेन्शन नक्को."

हैदराबाद म्हटल्यावर बाबांना ते गाव परकं वाटलं नाही. आजोबांच्या जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा भाग निजामाकडे होता, आणि त्यानंतरही १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यातच होता. जालना स्टेशन तर आजही दक्षिण मध्य रेल्वेत आहे, मुख्यालय सिकंदराबाद. म्हणजे रेल्वेच्या हिशोबाने गाडी घरातल्या घरात चालली होती. आरटीओच्या हिशोबाने मात्र परदेशातून येत होती.

आता कागद. इथे बहुतेकांचा एक घोळ होतो. "बाहेरची गाडी बारा महिने चालते, कुणी विचारत नाही," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण अर्धंच. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे एका राज्यातली नोंदणी देशभर चालते, आणि गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो (कलम ४७). पण हे झालं गाडीच्या मुक्कामाचं घड्याळ. मालकीचं घड्याळ वेगळं आहे, कलम ५० चं. विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं. विकणाऱ्याला गाडी त्याच राज्यात राहणार असेल तर १४ दिवस, परराज्यात जाणार असेल तर ४५. लोक पहिल्या घड्याळाकडे बघत दुसरं विसरतात. बदली होऊन आपलीच गाडी घेऊन आलेल्या माणसाला बारा महिने, हे ठीक. दुसऱ्याची गाडी विकत घेऊन आलेल्याला नाही.

सगळ्याची सुरुवात एनओसीपासून. अर्ज फॉर्म २८ वर, आणि तो करायचा जुन्या मालकाने, जुन्या आरटीओकडे (हैदराबादेत आरटीए म्हणतात). त्यावर नव्या आरटीओचं नाव टाकावं लागतं, त्यामुळे गाडी कोणाच्या नावावर, कुठल्या पत्त्यावर होणार हे आधी ठरवा. मी पुण्यात राहतो, पण गाडी बाबांच्या नावावर, म्हणून एनओसी जालन्याची. एनओसी देण्याआधी गाडी चोरीची नाही याचा पोलिसांकडून अहवाल बघतात (एनसीआरबीच्या साइटवर तुम्ही स्वतःही नंबर तपासू शकता, आणि तपासाच), टॅक्स बाकी नाही ना ते बघतात. चलनंही भरून टाकावी लागतात. मित्राची सात निघाली. तेलंगणात मार्च २०२२ मध्ये थकलेल्या चलनांवर घसघशीत सूट मिळाली होती, तेव्हापासून तो पुढच्या सूटीची वाट पाहत होता! (ती आलीही, डिसेंबर २०२३ मध्ये. तोवर साहेब डॅलसला.)

चलनांचं एका संध्याकाळीत मिटलं. खरी गाठ होती ती कर्जाची. गाडीचं लोन त्याने २०२१ मध्येच फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. बँक पैसे मिळाले म्हणून पत्र देते आणि मोकळी होते. ते पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरून बोजा उतरवणं हे तुमचं काम, हे कोणी ठणकावून सांगत नाही. आणि त्या पत्राला मुदत असते. म्हणजे आधी बँकेकडून नवं पत्र, मग बोजा उतरवणं, मग एनओसी, आणि हे सगळं मित्राचं विमान उडायच्या आत, कारण प्रत्येक कागदावर सही त्याची. आम्ही दोघांनी एक शीटच बनवली, कुठलं काम कुठल्यावर अवलंबून आहे त्याची. प्रोजेक्टमध्ये एवढी शिस्त दाखवली असती तर मॅनेजर रडला असता.

कायद्यात एक गंमतशीर तरतूद आहे. एनओसीच्या अर्जावर ३० दिवसांत नकार कळवला नाही तर ती दिली असं मानायचं (कलम ४८). वाचून मी खूश झालो. पण 'मानलेली' एनओसी दुसऱ्या राज्यातल्या काउंटरवर ठेवायची कशी? त्यातून तेलंगणाचा डेटा तेव्हा केंद्राच्या 'वाहन' प्रणालीत नव्हता, त्यामुळे शिक्क्याचा कागद हाच काय तो पुरावा. सुदैवाने ती वेळ आली नाही. विमानाच्या नऊ दिवस आधी एनओसी हातात आली.

मी हैदराबादला गेलो, उरलेले पैसे दिले. शंभराच्या बॉण्डवर करार केला (ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात त्या जागी पाचशेचा लागतो), त्यात तारखेसोबत वेळही लिहिली. फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या माझ्यासमोर, सगळे रकाने भरल्यावर. कोऱ्या फॉर्मवर एकही नाही. त्याचा फास्टॅग बंद करायला लावला. नाहीतर आम्ही टोल ओलांडायचो आणि एसएमएस जायचा टेक्सासला. मग नांदेड, वसमत, औंढा, जिंतूर, मंठा करत गाडी जालन्याला आणली.

आणि इथे आमचं भांडण झालं.

बाबांना दुसऱ्या दिवशी सकाळीच अंबडला जायचं होतं. मी म्हटलं, नाव लागेपर्यंत गाडी अंगणातून हलणार नाही, आरटीओला दाखवायला न्यायची तेवढीच. "मग आणली कशाला? पूजा करायला?" आईने मध्ये पडून पूजा खरंच करून घेतली, पण मुद्दा तिथेच राहिला. बाबांचं म्हणणं साधं होतं. पैसे दिले, बॉण्ड झाला, गाडी दारात आहे, म्हणजे आपली.

कायदा तसं म्हणत नाही. ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्लीच्या एका गाडीचं प्रकरण आलं होतं. मूळ मालकाने विकली, घेणाऱ्याने पुढे विकली, त्यानेही पुढे. नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. २००९ मध्ये त्या गाडीखाली एक मुलगा गेला. कोर्टाने सांगितलं, नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकाची. ज्याच्या घरच्यांचा जीव गेला त्यांनी गाडी कोणाकोणाच्या हातातून गेली याचा माग काढत बसायचं का, असा त्यामागचा विचार, आणि मला तो शंभर टक्के पटतो. पण याचा अर्थ असा की अंबड रोडवर बाबांच्या हातून काही झालं असतं, तर नोटीस निघाली असती डॅलसच्या माणसाच्या नावाने. विम्याचंही तसंच. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवावं लागतं, आणि नो क्लेम बोनस तर जुन्या मालकाचाच, तो गाडीसोबत येत नाही.

हे सगळं सांगून झालं. बाबांनी पेपर उघडला.

तिकडे आरटीओबाहेरच्या एजंटाची वेगळीच तऱ्हा. "साहेब, कशाला डोकं लावायलात? कागदं द्या इकडं, फिरवा बिनधास्त." माणूस वाईट नव्हता. फॉर्म २७, ३३ सगळं त्याला तोंडपाठ, आणि बॉनेट उघडून चेसिस नंबरवर कागद धरून शिसपेन्सिलने असा सुरेख ठसा काढला की आम्ही इंजिनिअर लोकांनी बघत राहावं. अर्ध्या देशाची वाहनव्यवस्था अजून त्या पेन्सिलीवर उभी आहे आणि ती हॅक करता येत नाही.

टॅक्सचंही सांगतो, कारण लोक तो विसरून 'स्वस्तात मिळाली' म्हणतात. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, डिझेलला १३ टक्के एकरकमी कर. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला तो मूळ किमतीवर धरून वयाप्रमाणे कमी करतात. म्हणून पहिलं, मूळ इनव्हॉइस मागून घ्या. तेलंगणात भरलेल्या लाइफ टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी इथली नवी नोंद दाखवावी लागते. म्हणजे इथे आधी भरा, मग तिथे मागा, आणि मागायचा जुन्या मालकाने. आलेली रक्कम कोणाची हे करारात लिहून घ्या. मैत्रीत असलात तरी. मैत्रीत तर नक्कीच.

भांडण मिटलं ते माझ्या कलमांमुळे नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी जेवताना बाबा एकदम म्हणाले, "आपली एम-ऐंशी कुणाच्या नावावर आहे रे?"

एम-ऐंशी त्यांनी २००४ मध्ये विकली होती. फॉर्मवर सही करून दिली, पैसे घेतले, विषय संपला. मी मोबाईलवर एमपरिवहन उघडलं. नंबर त्यांना पाठ होता, अजून. मालकाच्या नावात मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात, पण स्वतःचं नाव ओळखायला किती अक्षरं लागतात? बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितलं. एकोणीस वर्षं. त्या काळात ती गाडी कुठे कुठे गेली, कोणाला धडकली, कोणी काय काय वाहून नेलं तिच्यावर, काही पत्ता नाही. जेवण तसंच राहिलं. मग आईला म्हणाले, "त्या स्विफ्टवर कपडा टाक. धूळ बसायली."

सोमवारी ते आरटीओत गेले ते दोन फायली घेऊन. स्विफ्टचं काम पुढे रीतसर झालं, एमएच-२१ ची पाटी लागली, मित्राला फोटो पाठवला, त्याचा नुसता अंगठा आला. दुसऱ्या फायलीत एम-ऐंशीबद्दलचा अर्ज होता. खिडकीवरच्या क्लार्कने तो पूर्ण वाचला, हसला नाही, आणि विचारलं, "घेणाऱ्याचं नाव-गाव काही?"

बाबा म्हणाले, "परतूरकडचा होता. दुधाचे कॅन होते त्याच्याकडं."