फिरकीचा तांब्या

आप्पांचा फिरकीचा तांब्या घरातून निघताना रिकामा असे. रविवारी सकाळी आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधायची, आम्ही दोघी बहिणी चपला घालून दारात उभ्या राहायचो, आणि आप्पा तांब्याची फिरकी एकदा उघडून, लावून बघून तो पिशवीत ठेवायचे. त्याच पिशवीत सुती दोरीचं एक वेटोळं असे, हात-हात अंतरावर गाठी मारलेलं. जिथं जायचं तिथलं पाणी प्यायचं, हा त्यांचा नियम. आई तेवढ्यासाठी गाळायला मलमलीचा एक तुकडा द्यायची. या नियमामुळे आमच्या सगळ्या सहली पाणी असेल तिथंच झाल्या.

सातारा हे गाव डोंगराच्या उतारावर बसलेलं. शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ते वसवलं, पण कृष्णा आणि वेण्णा दोघी खाली, लांबून जातात. मग गावानं पाणी अडवलं, साठवलं. मोती तळं, मंगळवार तळं, फुटकं तळं ही नावं आम्हांला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. आमच्या पेठेत नळाला कासचं पाणी यायचं. कासचं धरण इंग्रजांच्या काळातलं. तिथून निघालेला पाट यवतेश्वराच्या डोंगराच्या कडेकडेनं, कुठंही पंप न लावता, नुसत्या उतारानं पाणी गावात आणायचा. आप्पा आम्हांला त्या पाटाकाठानं चालवत न्यायचे. पाण्यात पिंपळाचं पान टाकायचे आणि म्हणायचे, "बघा, घरी आपल्या आधी पोचतंय का." आम्ही पानाबरोबर पळायचो. पुढं कासचं पठार जगाच्या वारशात गेलं, २०१२ साली. आता सप्टेंबरात फुलं बघायला रीघ लागते. लोकांनी जावं, फुलं खरंच बघण्यासारखी आहेत. पण पठार ओलांडून थोडं पुढं उतरलं की तलाव लागतो, आणि त्याच्या काठावर कुणी घटकाभर बसत नाही, याचं मला वाईट वाटतं. आमची तहान त्या पाण्यानं भागवली आहे.

पाटेश्वरला मात्र पायी चढावं लागे. देगावच्या डोंगरात, दगडी पायऱ्यांनी, झाडीतून. वर पोचलं की आधी पुष्करणी दिसते, तिच्यात कमळं. मग महादेवाचं देऊळ, आणि आजूबाजूला कातळात खोदलेल्या गुहा. त्या गुहांमध्ये पिंडीच पिंडी आहेत. बोटाएवढ्या, घागरीएवढ्या, आणि एकेका मोठ्या लिंगावर चण्याएवढ्या लहान लिंगांच्या ओळी कोरलेल्या. धाकटी दर वेळी मोजायला बसायची आणि दर वेळी तिची मोजणी कुठंतरी चुकायची. तिथं एक मूर्ती आहे, अर्धी माणसाची, अर्धी बैलाची. तिला अग्निवृष म्हणतात. मी तिच्या जवळ जायला घाबरायचे. आप्पा मूर्तीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, "बैलाला कसलं भ्यायचं?" तिथलं पाणी गार आणि पानांच्या वासाचं. आजही ओल्या पाचोळ्याचा वास आला की माझ्या जिभेवर पितळ येतं.

संगम माहुलीला उन्हाळ्यात जायचो. नदी आटली की पात्रात शाहू महाराजांची समाधी दिसायची, आणि त्यांच्या खंड्या कुत्र्याची. खंड्यानं वाघापासून महाराजांना वाचवलं, ही गोष्ट आप्पांनी किती वेळा सांगितली असेल! आम्ही दशमीचा तुकडा खंड्यासाठी ठेवायचो.

पण दोरी खरी लागायची ती लिंबला.

पुण्याच्या रस्त्याला लिंब फाट्याला एसटीतून उतरायचं आणि गावातून शेरीकडे चालत जायचं. उसाच्या शेतांमधून वाट. विहीर लांबून दिसतच नाही, कारण ती सगळी जमिनीच्या पोटात आहे. ११० फूट खोल, ५० फूट व्यास, आठ बाजूंची. वरून पाहिली तर पूर्ण बांधकामाचा आकार पिंडीसारखा. रुंद पायऱ्या उतरून दरवाज्यातून आत गेलं की आपण एका महालाच्या खाली उभे असतो. विहिरीत महाल! दोन्ही बाजूंच्या भिंतींतून अरुंद जिने वर जातात, आणि वर खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, घोडे कोरलेले. प्रतापसिंह महाराज इथं खलबतं करीत, असं गावात सांगतात. विहीर बांधली शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाई भोसले यांनी, शके १६४१ ते १६४६, म्हणजे सन १७१९ ते १७२४. आमराईला पाणी देण्यासाठी. आप्पा शिलालेखातली अक्षरं बोटानं गिरवून आमच्याकडून वाचून घ्यायचे. एका बाईचं नाव दगडावर एवढं ठळक मी तिथं पहिल्यांदा वाचलं.

आप्पांना स्वतःला महालाचं फारसं कौतुक नव्हतं. ते सरळ वर थारोळ्यांकडे जायचे. या विहिरीवर एकाच वेळी बारा मोटा चालत, म्हणून ती बारा मोटेची विहीर. शाळामास्तर होण्याआधी आप्पांनी थोरल्या भावाबरोबर मोट हाकली होती. ते आम्हांला दाखवायचे, नाडा कुठला, सोंदूर कुठला, पाणी थारोळ्यात कसं पडतं आणि पाटानं कसं निघतं. मग धावेवर उभे राहून पाठीमागं पाठीमागं चालत वर यायचे. "भरली मोट ओढायला बैल पुढं जातो. पण रिकामी परत सोडायची तर त्याला मागं चालत यावं लागतं. शिकवायला वर्ष जातं." बारा मोटा म्हणजे निदान चोवीस बैल. मी डोळे मिटून ते चोवीस बैल मागं मागं येताना ऐकायचे, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांसकट.

मग दोरी सुटायची. तांब्याच्या गळ्याला फास, आणि एक-एक गाठ हातातून खाली. आम्ही मोठ्यानं मोजायचो. तांब्या पाण्याला लागला की खालून पोकळ आवाज यायचा आणि आप्पा हात वर करायचे, "थांबा. किती?" तो आकडा ते खिशातल्या वहीत लिहायचे. महिना, विहीर, किती हात. चाळीसपानी वही, शाळेच्या हजेरीसारख्या आखलेल्या रेघा. पाणी कुठं गेलं, कुठून आलं हे कळायला मोजत राहावं लागतं, एवढंच ते सांगत. तसलं मोजणं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

लग्नानंतर तीस वर्षं मी मुंबईत काढली. बाटलीबंद पाणी घेऊन लोकलनं फिरले. सुट्टीत यायचे तेव्हा मुलांना धबधबे हवे असायचे, आणि मीही ठोसेघरला जाऊन, बोगद्यातून परत येऊन, कंदी पेढे घेऊन गाडीत बसायचे. तांब्या माळ्यावर होता. आई गेल्यावर त्याला कल्हई लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

गेल्या वर्षी आप्पा न्हाणीघरात पडले आणि मी साताऱ्याला राहायला आले. ते आता पलंगावरून उठत नाहीत. एका दुपारी त्यांनी विचारलं, "लिंबला कोण गेलं होतं का?" कोण जाणार? मी माळ्यावरून तांब्या काढला. फिरकीचे आटे झिजलेत, लावली तरी पाणी झिरपतं. दोरी उंदरांनी खाल्ली होती. मंडईजवळून नवी आणली आणि रात्री बसून हात-हात मोजून गाठी मारल्या. माझा हात आप्पांच्या हाताहून आखूड, म्हणून त्यांचाच हात धरून, कोपरापासून बोटापर्यंत, पहिली गाठ बसवली. ते जागे होते. हात हलवला नाही त्यांनी.

मार्चमधली सकाळ होती. विहिरीवर पुण्याची काही मुलं फोटो काढत होती. मी थारोळ्याच्या दगडावर पालथी पडून दोरी सोडली. मोठ्यानं मोजायची सवय सुटली नव्हती, मुलं बघत राहिली. एक मुलगी शेजारी येऊन बसली आणि अठरापासून माझ्याबरोबर मोजू लागली. एकविसाव्या गाठीला आवाज आला.

ते पाणी प्यायचा धीर मला झाला नाही. गळक्या तांब्यातून निम्मं पिशवीत गेलं, उरलेलं मी घरी आणलं. आप्पांनी ओंजळ पुढं केली. मी थोडं ओतलं, त्यांनी ते डोळ्यांना लावलं.

"किती?"

"एकवीस."

"महिना कुठला?"

"मार्च."

ते बराच वेळ छताकडे बघत राहिले, मनात कुठली तरी पानं उलटत असल्यासारखे. मग म्हणाले, "वही उशीखाली आहे. लिही."