वाक चालेल, मोड नको

विन्चेस्टर कंपनीची 1890 मॉडेलची .22 रायफल 1932 पर्यंत बनत होती. आज अमेरिकेत अशी जुनी रायफल हाती येते तेव्हा बाहेरची अष्टकोनी नळी बहुधा धड असते. गंजाने खाल्लेला असतो तो आतला बोअर. त्या काळच्या काडतुसांच्या चेतक मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर मागे उरणारा क्षार हवेतला ओलावा ओढून घेई आणि सफाई करायची राहिली की पोलादाला खड्डे पडत. अशा नळीतले भोक मोठे करून त्यात खाचांसकट तयार मिळणारे पातळ पोलादी अस्तर बसवतात. या कामात कस लागतो तो मापाचा, असे बहुतेक जण मानतात. लेथवरच्या अनुभवावरून मला तसे वाटत नाही. खरा कस दिशा राखण्यात आहे.

हिशोब पाहा. नळी 24 इंच, म्हणजे सुमारे 610 मिलिमीटर. ड्रिल 5/16 इंच, म्हणजे जेमतेम 8 मिलिमीटर. भोकाची खोली व्यासाच्या पाऊणशे पटींहून जास्त. साधे ड्रिल व्यासाच्या पाचपट आत गेले की कीस बाहेर पडेनासा होतो, तेल टोकापर्यंत पोचत नाही आणि ड्रिल पळू लागते. म्हणून इथे लांब दांड्याचे, पुढे पायलट असलेले ड्रिल वापरतात. पायलट जुन्या बोअरमध्ये चपखल फिरतो आणि मागच्या धारांना वाट दाखवतो. पण तो खडबडीत बोअरमधून चाललेला असतो. कीस अडकला तर तो जाम होतो आणि दांडा पिळवटतो. त्यामुळे थोडे कापायचे, ड्रिल पूर्ण बाहेर काढायचे, झाडायचे, तेल घालायचे आणि पुन्हा आत घालायचे, याला पर्याय नाही. इथली घाई मला अक्षम्य वाटते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जुने भोकच वाकडे असेल, तर पायलटमागून जाणारे नवे भोकही वाकडेच होणार. मग बाहेरच्या पृष्ठभागाशी केंद्र जुळवून सरळ भोक का पाडू नये? पण अस्तर पातळ असते, सलग मंद वाक ते निमूट स्वीकारते. त्याला चालत नाही तो अचानक मोड. बाहेरून केंद्र धरून दोन्ही टोकांकडून ड्रिल केले आणि भोके मध्ये नेमकी भेटली नाहीत की पायरी राहते. अस्तर तिथे चिमटते आणि गोळीची वाट अरुंद होते. शिवाय नळीच्या वरच्या अंगाला साईटसाठी डव्हटेल खाच असते, तिथे भिंत आधीच पातळ. बाहेरून केंद्र धरलेले ड्रिल जुन्या भोकाच्या ओढीने पळाले, तर त्या खाचेत फुटू शकते.

मग नवी नळीच का घालू नये? नेमबाजीच्या स्पर्धेसाठी जरूर घालावी. पण जुन्या नळीवर कारखान्याचे शिक्के आणि पोलादावरची झिजलेली निळाई (ब्लूइंग) असते, ती नव्या नळीबरोबर येत नाही. अस्तर मी कमी दाबाच्या काडतुसांपुरतेच योग्य मानतो. ते कथलाच्या डाखाने बसवावे की चिकट रसायनाने, हा वादही .22 साठी मला दुय्यम वाटतो, कारण नळी फारशी तापत नाही. फट सगळीकडे सारखी असणे महत्त्वाचे. डाखाची उष्णता मात्र ती निळाई बिघडवू शकते, म्हणून माझा कल रसायनाकडे.