सीआर, जीएस आणि इतिहासाची वीस मुलं

वाळूज म्हटलं की बाहेरच्या माणसाला कारखानेच आठवतात. १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि गावाची ओळखच बदलली. इथे एक छोटंसं आर्ट्‌स कॉलेजही आहे, असं सांगितलं की पाहुणे "हो का?" म्हणतात आणि पुन्हा चहाकडे वळतात. माझी पुतणी तिथे शिकते, म्हणून आमच्या घरात मात्र सध्या दुसरा विषय नाही.

कॉलेज अगदी लहान. मराठी विभाग म्हणजे दोन सर. हिंदी विभाग म्हणजे एक मॅडम. इतिहास विभाग म्हणजे एक कपाट, भारताचा एक नकाशा आणि तासिका तत्त्वावर नेमलेले एक तरुण सर. आधीचे सर निवृत्त झाले, ती जागा काही भरली नाही. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याला आनंद, त्यांना हिशोब!

आमची पुतणी यंदा सीआर झाली. झाली म्हणजे काय, नोटीस बोर्डवर नाव लागलं. मागच्या वर्षी तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते, बस्स. तिला कुणी विचारलं नाही, आणि वर्गाला तर नाहीच नाही.

आमच्या वेळी असं नव्हतं. मी शहरात शिकायला एसटीने जायचो त्या काळात जीएसच्या निवडणुका होत. पॅनल, पत्रकं, घोषणा, गाड्या, फुकटचा चहा. मारामाऱ्याही होत, ते खोटं कशाला सांगा. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि निवडणुकांबद्दल सगळीकडेच धास्ती बसली. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने मतदान गेलं आणि गुणवत्ता आली. प्रत्येक वर्गातून मार्कांत पहिला आलेला एक, शिवाय क्रीडा, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिकमधले काही आणि प्राचार्यांनी नेमलेल्या दोन मुली. या सगळ्यांनी आपल्यातूनच सचिव निवडायचा.

गंमत बघा, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला तोही १९९४ सालीच, १४ जानेवारीला. त्यामागे विधिमंडळाच्या १९७८ च्या ठरावापासूनची सोळा वर्षं होती आणि त्या लढ्यात विद्यार्थी किती होते हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्याआधी १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन, तेही विद्यार्थ्यांनीच पेटवलेलं. ज्या भागातल्या पोरांनी सरकारला घाम फोडला, त्यांना त्याच वर्षी सांगितलं गेलं, की बाबांनो, तुमचा प्रतिनिधी आता मार्कशीट निवडेल.

२०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुका परत आल्या. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी, सगळे मतदानाने. २०१९ मध्ये तारखांची चर्चाही झाली, पण विधानसभा निवडणूक आली म्हणून त्या पुढे ढकलल्या, आणि मग कोरोना आला. पुतणीच्या कॉलेजात मतपेटी काही पोचलेली नाही.

"काका, काय फरक पडतो? मी चांगलंच काम करीन ना," असं ती सुरुवातीला म्हणाली. करेलच. पण तिच्या वर्गातली निम्मी मुलं कंपनीत कंत्राटी कामाला जातात. फर्स्ट शिफ्ट असली की कॉलेज बुडतं, नाईट असली की वर्गात डुलक्या. पंचाहत्तर टक्के हजेरी भरणार कुठून? त्यांना मार्क कमी, म्हणून त्यांच्यातला कुणी कधी सीआर होणार नाही. आणि हजेरीचा प्रश्न तर त्यांचाच! पहिल्या नंबराच्या मुलीला तो प्रश्न पडायचं कारणच काय?

तिला तो पडला, तो इतिहास विभागामुळे. विद्यार्थी कमी, म्हणून पुढच्या वर्षी विषय बंद करायचा विचार आहे, असं कानावर आलं. परिषदेच्या बैठकीत दोनच विषय होते, स्नेहसंमेलन आणि पारंपरिक वेशभूषा दिन. हिने उभं राहून इतिहासाचं विचारलं. उत्तर मिळालं, "बेटा, हा विषय परिषदेच्या कक्षेत येत नाही." तेही प्रेमाने, रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

मग तिने कागद घेतला आणि सह्या गोळा करायला निघाली. तेव्हा पहिल्यांदा ती शिफ्टवाल्या मुलांना भेटली, कंपनीच्या बसची वाट बघत थांबलेल्यांना. इतिहास घेणारे जास्त तेच निघाले. गेल्या वर्षी त्या तासिकावाल्या सरांनी मुलांकडून एक काम करून घेतलं होतं. एमआयडीसी यायच्या आधीचं वाळूज कसं होतं, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणायचं. कुणाची विहीर कुठे होती, जमीन गेली तेव्हा काय मिळालं, त्या पैशांचं काय झालं. त्या वह्या त्या एका कपाटात आहेत. विभाग गेला की कपाट कुठे जाईल, ते रद्दीवाल्याला विचारा.

सह्या एकसष्ट झाल्या. त्यावर कॉलेजने एवढं मान्य केलं, की पुढच्या वर्षी वीस मुलांनी इतिहास मागितला तर विषय ठेवू. म्हणून ती आणि तिच्या वर्गातली नाईट शिफ्टवाली दोघं मुलं सध्या बारावीच्या पोरांच्या घरी फिरताहेत. बजाजनगर झालं, रांजणगाव चालू आहे. बहुतेक आईबाप एकच विचारतात, "इतिहास घेऊन नोकरी लागते का?" याचं सोपं उत्तर तिच्याकडे नाही आणि खोटं ती देत नाही. ती म्हणते, "स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो. आणि तुमच्या आजोबांच्या शेताचं कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे ना?"

मतदान झालं असतं तर ती निवडून आली असती का, कोण जाणे. शांत मुलगी आहे, घोषणा तिला जमल्या नसत्या. पण आता हजेरीचं निवेदन लिहायचं ठरलंय आणि त्यावर पहिली सही त्या दोघांपैकी एकाची असणार आहे, तिची नाही. हे तिनेच ठरवलं.

काल रात्रीपर्यंत इतिहासाला चौदा नावं झाली होती. नात्यात, ओळखीत कुणाचं बारावी झालेलं पोर वाळूजकडे असेल तर कळवा. सहाच हवीत.