कुरुंदवाडहून आईला

कुरुंदवाड, १८ ऑगस्ट २०१९

ती. आईस,
सा. न.

सुखरूप पोचले. फोनवर धड बोलता येत नाही, गावाच्या निम्म्या भागात अजून वीज नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या मंडळातल्या बायकांनाही वाचून दाखव. निघताना त्यांनी "काय काय पाठवू?" म्हणून विचारलं होतं, त्याचं उत्तर हळूहळू देईन. आधी गाव तर पाहू दे.

जयसिंगपूरला गाडीतून उतरून शिरोळमार्गे आले. शिरोळ सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस, पण शेंड्यापर्यंत मातकट. शेंडा पाण्याखाली गेला, पोंग्यात गाळ बसला की वाढ खुंटते आणि कांडं आतून कुजायला लागतं. काचा लावल्या तरी तो कुजका वास आत येतो. नृसिंहवाडीत दत्ताच्या देवळाच्या पायऱ्यांवर माणसं गाळ ओढत होती. वाडीचा दक्षिणद्वार सोहळा तुला ठाऊक आहे. कृष्णेचं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. नदी चढली म्हणून इथला माणूस घाबरत नाही. दरसाल ती येते, देवाचे पाय धुते आणि जाते. यंदा ती घराघरांत शिरली आणि मुक्काम करून राहिली.

वाडीहून पंचगंगेवरचा पूल ओलांडला की कुरुंदवाड. पटवर्धनांच्या संस्थानाचं जुनं गाव, घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन आलेली पंचगंगा इथेच कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की हिला शिरायला वाव राहत नाही, पाणी मागे फुगत जातं. म्हणून कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी शिरोळ तालुक्यात ते तटूनच राहतं. या वेळी कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. सांगलीला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर. दोन्हीकडचं ते सगळं पाणी या संगमावर आलं.

आपल्याकडे नाशकात दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजतात, इथे २००५च्या पुरावरून. "२००५ला पायरीला लागलं होतं," "२००५ला कोनाड्याखाली होतं." प्रत्येक घरातल्या माणसाला ती खूण पाठ आहे, आणि घात तिथेच झाला. लोकांनी धान्याचे डबे, अंथरुणं, टीव्ही त्या खुणेच्या वर हात-दीड हात उचलून ठेवले आणि निर्धास्त राहिले. पाणी ती खूण बुडवून पुढे गेलं. मग रात्री-अपरात्री, अंगावरच्या कपड्यांनिशी, म्हातारी माणसं पाठुंगळीला घेऊन लोक माळभागाकडे चढले. मी उतरले आहे तेही माळभागावरच, एका निवृत्त शिक्षकांच्या घरी. पुराच्या दिवसांत त्यांच्याकडे चार कुटुंबं होती. कोणी सांगितलं नव्हतं, पत्रक निघालं नव्हतं. या भागातली पहिली मदत अशीच शेजाऱ्यांची होती. आम्ही बाहेरून आलेले सगळे त्यांच्या मागचे.

ब्रह्मनाळची बातमी तू वाचलीसच. ८ ऑगस्टला क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटली. ती बातमी ऐकल्यापासून माझं मत पक्कं झालंय की पाण्यात उतरण्याचं काम एनडीआरएफ, लष्कर, नौदल आणि कोल्हापूरच्या व्हाईट आर्मीसारख्या शिकलेल्या पथकांचंच. माझ्यासारखीनं यायचं ते पाणी उतरल्यावर. उद्यापासून गाळ.

तुझी,
धाकटी

कुरुंदवाड, २३ ऑगस्ट २०१९

ती. आईस,
सा. न.

पानशेतच्या पुरानंतर कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर पुण्यात शनिवार पेठेत गाळ उपसायला गेलो होतो, असं तू नेहमी सांगतेस. १२ जुलै १९६१ ही तारीख मला तुझ्यामुळेच पाठ आहे. पण गाळ म्हणजे काय ते तू कधी नीट सांगितलं नाहीस. आता कळलं.

नदीचा गाळ ओला असतो तोवर लोण्यासारखा निघतो. उन्हात दोन दिवस राहिला की पहारीशिवाय हलत नाही. म्हणून इथल्या जाणत्या बायका पाणी उतरत असतानाच, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून, त्याच पाण्यानं भिंती धुवायला लागतात. पाणी जसं खाली जाईल तशा त्याही खाली धूत येतात. ज्यांना पाणी उतरेपर्यंत घरी पोचता आलं नाही, त्यांच्या घरी आम्ही. खोरं, पाटी, खराटा, पाण्याचा टँकर मिळाला तर मोटर. आतल्या खोलीपासून सुरुवात करून दाराकडे यायचं. प्लायवूडची कपाटं फुगून बसलेली, दारं उघडत नाहीत. ती फोडून बाहेर काढावी लागतात आणि त्यांत मुलीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली साडी निघते. फुगलेल्या ज्वारीच्या पोत्याचा वास मी आयुष्यात विसरणार नाही.

जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आहेत. पाणी असेपर्यंत त्या उभ्या राहतात आणि पाणी गेल्यावर, ऊन पडून सुकताना, बसतात. त्यामुळे आत जाण्याआधी गावातला गवंडी भिंत ठोकून बघतो. तो नको म्हणाला की घरमालकानं कितीही हात जोडले तरी आम्ही आत जात नाही. तसंच मीटर. वायरमननं पाहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आमच्या गटातली मुलं उत्साही आहेत, त्यांना हे रोज सांगावं लागतं.

जड सामान उचलायला गावातल्या तालमीतली, व्यायामशाळेतली पोरं असतात. हे वेटलिफ्टिंगचं गाव आहे, हे तुला ठाऊक आहे का? २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या कुरुंदवाडच्या तिघांनी कांस्यपदकं आणली. एवढ्याशा गावातून तिघं! ती परंपरा सांगणारी पोरं भिजलेल्या गाद्या दोघांत एक अशी उचलून गाडीत टाकतात. कापूस पाणी प्यायला की एक गादी चार माणसांना ऐकत नाही.

माझ्या कंबरेची काळजी करू नकोस. तिसऱ्या दिवसापासून माझ्याकडे दुसरं काम आलं, आणि ते मला बँकेतल्या सगळ्या नोकरीनं शिकवलेलं काम आहे. सरकारनं जाहीर केलेली मदत शहरी भागात कुटुंबामागे १५ हजार, ग्रामीण भागात १० हजार. त्यातले ५ हजार रोख आणि बाकी खात्यावर. खात्यावर म्हणजे पासबुक आलं, आधार आलं, रेशनकार्ड आलं. ते सगळं गेलं पाण्यात. बायका प्लॅस्टिकच्या पिशवीत चिखलाचा एक गोळा घेऊन येतात आणि माझ्यासमोर ठेवतात. तो गोळा म्हणजे त्यांचे सगळे कागद.

घाई केली की कागद गेला. पासबुक ओढून उघडायचं नाही. आधी स्वच्छ पाण्यात अलगद बुडवून वरचा चिखल सोडवायचा, मग वर्तमानपत्रावर आडवं ठेवून, सावलीत, थोडं सुकू द्यायचं. कडा सुटायला लागल्या की चाकूची बोथट बाजू घालून एकेक पान वेगळं करायचं आणि मध्ये कोरा कागद. बॉलपेननं लिहिलेलं टिकतं. शाईच्या पेनानं लिहिलेलं निळ्या डागाखाली जातं. बँकेच्या छपाईयंत्रानं ठोकलेले आकडे बहुधा वाचता येतात, आणि खाते क्रमांक एकदा वाचता आला की बाकीचं सगळं बँकेतून मिळतं. काल एका आजींच्या पासबुकातला क्रमांक सापडायला दुपार गेली. शेवटचे दोन आकडे उजेडाला धरून, तिरपं करून वाचले. आजी तोवर शेजारी बसून होत्या. "सापडलं व्हय?" एवढंच विचारलं आणि पिशवीतून भिजकं रेशनकार्ड काढलं. "आता ह्ये बघा."

अर्ज भरणं, पंचनाम्यात नाव आलंय का पाहणं, तलाठ्याकडे दुसऱ्यांदा जायला लागणाऱ्या बाईबरोबर जाणं. यात फोटो काढण्याजोगं काही नाही. पण गाळ काढून चकचकीत केलेल्या घरात चूल पेटते ती या कागदांवर.

तुझी,
धाकटी

कुरुंदवाड, ४ सप्टेंबर २०१९

ती. आईस,
सा. न.

गणपती बसले. नदीकाठच्या कुंभारवाड्यांतल्या शाडूच्या मूर्ती पाण्यात विरघळल्या, तरी बसले. यंदा मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले आहेत, आणि कुरुंदवाडात असा योग आला की काही मशिदींत गणपती बसवतात. १९८०च्या दशकात असा योग आला तेव्हापासूनची ही रीत. एकाच छताखाली पीर आणि गणपती. पंधरा दिवसांपूर्वी याच गल्ल्यांत आम्ही गाळ उपसत होतो आणि कोणाचं घर आधी घ्यायचं हे गल्लीतली माणसं ठरवत होती: जिथे म्हातारं माणूस एकटं आहे ते पहिलं, जिथे बाळंतीण आहे ते दुसरं. आडनाव पाहून ठरवल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. आरतीला सगळी गल्ली मशिदीत लोटली होती, मी तुझ्या नावानं मोदक ठेवला.

आता मंडळाच्या प्रश्नाकडे येते, कारण मला याचा राग आला आहे आणि तो मोकळेपणानं सांगते. महाराष्ट्रानं भरभरून पाठवलं, याबद्दल दुमत नाही. पण रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले आहेत. फाटके, न धुतलेले, कॉलेजच्या मुलींचे, सुटाबुटाचे. इथल्या म्हाताऱ्या बाईला नऊवारी हवी असते, परकर हवा असतो. पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं? पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं पहिल्या आठवड्यात एवढी आली की ठेवायला जागा नव्हती, आणि ज्या दिवशी खराटे, फिनेल, ब्लिचिंग पावडर, गमबूट लागले त्या दिवशी ट्रक यायचे थांबले होते. मुख्य रस्त्यावरच्या गावांना तिप्पट मिळालं. नदीपलीकडच्या औरवाड, गौरवाड, बुबनाळसारख्या गावांपर्यंत जायला वेळ लागतो, तो फार थोड्यांनी काढला. देणाऱ्याचं मन मोठं होतं. पण घेणाऱ्याला विचारलं नाही, तर ते मन रस्त्याच्या कडेला भिजत पडतं.

रात्री शिक्षकांच्या कपाटातलं एक पुस्तक चाळत होते, त्यात पियर सेरेसोल भेटला. स्वित्झर्लंडचा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०मध्ये, त्यानं फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांची माणसं नेऊन घरं उभी करायला सुरुवात केली. कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही त्यात होते. जानेवारी १९३४मध्ये बिहारचा भूकंप झाला, तेव्हा हा माणूस मोजके सोबती घेऊन मुझफ्फरपूरकडे आला. भूकंपानंतर तिथली जमीन खचून पुराचं पाणी गावांत शिरत होतं; गावं उंचावर नेऊन पुन्हा वसवायला त्यानं राजेंद्रप्रसादांच्या कार्यकर्त्यांबरोबर काम केलं आणि पुढची दोन-तीन वर्षं तो परतून येत राहिला. मला त्याच्या कुदळीपेक्षा या परतून येण्याचं मोल वाटतं.

परवा निघते.

तुझी,
धाकटी

कुरुंदवाड, ६ ऑगस्ट २०२१

ती. आईस,
सा. न.

पुन्हा त्याच घरी, त्याच माळभागावर. पाणी २०१९च्या तोडीचं आलं, पण गाव तेव्हाचं राहिलेलं नाही. २२ जुलैला पावसानं चिपळूण बुडवलं, तळियेवर दरड आणली, त्याच दिवसांत इथे लोकांनी दावणीची जनावरं सोडली आणि कागद प्लॅस्टिकमध्ये बांधून पोटाशी धरले. गोठणपूर, भैरेवाडीकडून येणाऱ्या बायकांच्या हातात या वेळी चिखलाचे गोळे फार थोडे आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या आजींनी पासबुक डब्यात घालून डबा मेणकापडात गुंडाळला होता. कोरडं ठणठणीत. त्यांनी तो मला मुद्दाम उघडून दाखवला.

पण घरं पुन्हा बसली आहेत. २०१९नंतर कर्ज काढून ज्यानं पिठाची गिरणी नवी घेतली, त्याची मोटर पुन्हा गाळात आहे. पहिलं कर्ज फिटलेलं नाही. वर करोना, त्यामुळे निवाऱ्याच्या शाळेत माणसं दाटीनं ठेवता येत नाहीत. नंदकुमार वडनेरे समितीचा अहवाल गेल्या वर्षी आला. २०१९च्या पुराचं खापर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर फोडता येणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. इथल्या फार थोड्यांना तो पटतो. मला एवढं दिसतं की पूररेषेच्या आत बांधकामं चालूच आहेत, पुलांचे भराव पाणी अडवतात आणि ते बोलायला गेलं की सगळे अलमट्टीचं नाव घेतात. बांधकामं आणि भराव हे दोन्ही प्रश्न तडीला जाईपर्यंत इथे दर दोन-चार वर्षांनी खोरी लागणार.

म्हणून मंडळाला सांग, या वेळी ट्रक नको. गणपती झाल्यावर, जेव्हा वर्तमानपत्रात शिरोळचं नाव येणं बंद होईल, तेव्हा माणसं हवीत. दोघी-तिघी अर्ज भरू शकणाऱ्या, एखादी शिवणयंत्र दुरुस्त करू शकणारी असेल तर सोनं, आणि देसाई काकांच्या ओळखीचा तो मोटर रिवाइंडिंगवाला आठवडाभर आला तर गिरणीसह दहा घरांचं पोट चालू होईल. लस घेतलेल्यांनीच यावं. आपलं अंथरूण, गमबूट, हातमोजे आणावेत, दोन वेळच्या जेवणाचा भार गावावर टाकू नये, आणि ज्या घरी जायचं त्यांना आधी विचारावं. पैसे द्यायचे असतील त्यांनी एखाद्या घराचं पत्र्याचं छप्पर किंवा एका मुलाची वर्षाची पुस्तकं असं ठरवून द्यावेत आणि वर्षानं येऊन पाहावं.

येणाऱ्यांची नावं मला रविवारपर्यंत कळव. जयसिंगपूरला उतरवून घ्यायला मी येईन.

तुझी,
धाकटी