एका तुडतुड्याचे नाव

नावे ठेवणे सोपे, नाव शोधणे कठीण, याचा प्रत्यय गेल्या पावसाळ्यात आम्हांस आला. करजगीच्या परिसरात घनदाट अरण्य नाही. तुरीची व ज्वारीची शेते आणि ओढ्याकाठी बाभळींची झुडुपे, एवढीच येथील वनश्री. अशाच एका बाभळीवरून नववीच्या मुलांनी काचेच्या कुपीत एक कीटक आणला. तांदळाच्या दाण्याएवढा, काळसर, पंखांवर दोन पांढुरके पट्टे. आणि चाल अशी की, पाहावे तेव्हा तिरकीच! मुले म्हणाली, "तुडतुडा!" दोघे कानडीभाषक म्हणाले, "जिगिहुळू!" घरी कोंकणी बोलणाऱ्या आम्हांस दोन्ही शब्द गोड वाटले, परंतु कोणत्याही गावी एकच अर्थ देणारे शास्त्रीय नाव त्यांत नव्हते.

लोकभाषेतील 'तुडतुडे' हा शब्द तर फार ऐसपैस आहे. भातावरचे तपकिरी तुडतुडे निराळ्या कुळातले; त्यांच्या मागील नडगीच्या टोकास हलणारा काटा असतो. खऱ्या पानतुडतुड्याच्या नडगीवर कंगव्यासारख्या काट्यांच्या रांगा असतात. भिंग लावले, तशा रांगा दिसल्या. कुळ ठरले, पण त्या कुळात वीस हजारांहून अधिक जाती! डिस्टंट या कीटकशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातील या कीटकांचे वर्णन १९०८ व १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या खंडांत केले. पुढे बंगळूरच्या कृषिविद्यापीठात सी. ए. विरक्तमठ यांनी याच अभ्यासास आयुष्य वाहिले. पुष्कळ जातींत रंगावर विसंबता येत नाही. नराच्या पोटातील जननेंद्रियाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, तेव्हा निर्णय होतो. आमच्या कीटकाच्या पोटाखाली तर अंडी घालण्याची सुरी होती. ती मादी होती!

मुले हिरमुसली. तीन रविवार त्यांनी बाभळी धुंडाळल्या. तसा दुसरा कीटक मिळाला नाही. प्रदर्शन दोन दिवसांवर आले, तेव्हा एकाने पुस्तकातील मिळतेजुळते चित्र दाखवून म्हटले, "सर, हेच नाव लिहू या. कोरी चिठ्ठी पाहून परीक्षक गुण कापतील. आणि चुकले तरी कोणाला कळणार आहे?"

प्रश्न गुणांचा खराच. पण त्याहून मोठा होता. कोडगूत चंदनाच्या झाडांचा 'स्पाइक' रोग १८९९ साली नजरेस आला. तो विषाणूमुळे होतो, असे दीर्घकाळ मानले गेले. १९६९ साली त्यामागचे निराळेच सूक्ष्म जीव आढळले. अशा जातीचे रोग झाडोझाडी नेणाऱ्यांत तुडतुडे असतात. तेथे चुकीचे नाव लिहिले, तर निरपराध कीटकावर औषध फवारले जाईल आणि अपराधी मोकळा राहील.

हे सांगितल्यावर मुलांनीच चिठ्ठी लिहिली : 'पानतुडतुडा. मादी. करजगी, ओढ्याकाठी, बाभळीवर. जाती अनिश्चित.' खाली दिनांक घातला. गुण कापले गेले, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि उद्या कोणी जाणकार नर शोधू लागला, तर कोणत्या झाडाखाली जावे, हे ती चिठ्ठी त्यास सांगेल. खोटे नाव त्याची वाट चुकवते. खरी नोंद त्याच्या हाती दिवा देते. विद्यार्थिमित्रांनो, ठाऊक नाही तेथे जागा कोरी ठेवण्यास धैर्य लागते. आणि ज्ञानाची पुढची ओळ त्या कोऱ्या जागेतच लिहिली जाते.