गजाकाका आणि आपण सगळे

सहकुटुंब बघावा असा सिनेमा शोधताय? मग राजेश मापुसकरांचा ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) बघा. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळालाय.

गणपती तोंडावर आलेत आणि घरातले थोरले गजाकाका अचानक व्हेंटिलेटरवर. कामेरकरांचं अख्खं गोत हॉस्पिटलात जमतं. काळजी खरी, पण सुतक लागलं तर गणपतीचं काय, ही कुजबुजही तितकीच खरी! आपण खो खो हसतो, कारण ही सगळी मंडळी आपल्याही घरात असतात. मग काकांचा मुलगा प्रसन्न दिसतो. वडिलांशी बिनसलेलं, आणि आता बोलायचं तरी कुणाशी?

आम्ही तांबरमला राहतो. गावात असतो तर घरातले रुसवे एखाद्या बारशात, लग्नाच्या पंगतीत विरून गेले असते. लांब राहिलं की ते जसेच्या तसे टिकतात. माझा नवरा आणि थोरले दीर कित्येक वर्षं फक्त दिवाळीच्या मेसेजपुरते उरलेत.

प्रसन्नचे प्रसंग सुरू झाले तेव्हा नवरा पाणी प्यायच्या निमित्तानं उठला. रात्री उशिरा गॅलरीतून त्याचा आवाज आला, “दादा, झोपला नाहीस ना?”

तुम्हालाही असा एखादा फोन करायचा राहिला असेल, तर सिनेमा नंतर बघा.