भिंतीजवळची जागा

ग्रंथालयांतली उत्तम जागा कोणती, असें मला विद्यार्थिदशेंत कोणी विचारलें असतें, तर मीं क्षणाचाहि विलंब न लावतां ‘खिडकीजवळची’ असें उत्तर दिलें असतें. तेथें उजेड असे, वारा असे, आणि पुस्तकाचा कंटाळा आला म्हणजे समोरच्या चिंचेकडे पाहत विचारांत गढून गेल्याचा बहाणाहि करतां येत असे. आज हाच प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला विचारून पाहा. तो म्हणेल, ‘भिंतीजवळची’. भिंतीपाशीं ना वारा, ना चिंच. पण तिच्यावर विजेचा प्लग असतो!

हें ज्ञान मला उशीरां झालें, आणि झालें तें थोडी लाज वाटून झालें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या विद्यापीठानें ग्रंथालयाचें वाचनदालन नव्यानें सजविण्याचें ठरविलें, आणि निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो या समजुतीनें मला समितींत घेतलें. वास्तुविशारदांनीं आराखडा मांडला. जड सागवानी टेबलें काढावींत, त्यांच्या जागीं चाकांचीं हलकीं टेबलें यावींत, मधले पडदे सरकते असावेत, आणि प्रत्येक बैठकीपाशीं वीज असावी. मीं कडाडून विरोध केला. ‘विद्यार्थी येथें वाचायला येतात कीं मोबाइल चार्ज करायला? आणि त्या विजेचें बिल कोण भरणार?’ असें मीं विचारलें. सभेंत हंशा पिकला. हंशा पिकला म्हणजे मुद्दा सिद्ध झाला, असें मानण्याची वक्त्याला खोड असते. मीहि तसेंच मानलें.

त्याच आठवड्यांत एके संध्याकाळीं एक जुना कोश पाहण्यासाठीं मी ग्रंथालयांत गेलों. दालनांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बाहेर जिन्याखालीं मात्र, पिण्याच्या थंड पाण्याच्या यंत्राशेजारीं, एक मुलगी फरशीवर बसली होती. मांडीवर लॅपटॉप, बाजूला उघडें पुस्तक, आणि पुस्तकावर पाण्याचे शिंतोडे उडूं नयेत म्हणून मधें दप्तराचा बांध घातलेला.

‘आंत एवढी जागा असतांना इथें कां बसलीस?’ मीं कांहींशा दरडावणीच्या सुरांत विचारलें.

ती गडबडून उठूं लागली. त्या गडबडींत वायर ओढली गेली आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

‘याची बॅटरी गेली आहे, सर. वायर निघाली कीं बंद पडतो. दादाचा जुना आहे,’ ती म्हणाली. ‘आंत प्लग दोनच आहेत, ते सकाळींच अडतात. आणि घरीं आम्ही पांच जण एका खोलींत असतों.’

तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. म्हणूनच तें मला अधिक लागलें. ‘लिहिलेलें कांहीं गेलें कां?’ मीं विचारलें. ‘एकच पान,’ ती म्हणाली, आणि मला बरें वाटावें म्हणून हंसली.

त्या रात्रीं मला ब्रिटिश म्यूझियमच्या वर्तुळाकार वाचनालयाची आठवण झाली. १८५७ सालीं उघडलेल्या त्या भव्य घुमटाखालीं आगीच्या भयानें दिव्यांना मज्जाव होता. उजेड मावळला कीं वाचकांना पुस्तक मिटून उठावें लागे. १८७९ सालीं तेथें विजेचे दिवे आले, आणि वाचनाचा दिवस लांबला. त्यामुळें ग्रंथांची प्रतिष्ठा कांहीं उणावली नाहीं. तेव्हां दिवा ग्रंथालयाचा होता. आतां वाचक स्वतःचा दिवा बरोबर घेऊन येतो, आणि आपल्याकडे फक्त तेल मागतो.

त्या तेलाचा हिशेबहि मीं केला. तिच्यासारख्या लॅपटॉपचा चार्जर साधारण पासष्ट वॅटचा. आमच्या दालनांतला जुना पंखा त्याहून कांहीं कमी वीज खात नाहीं. रिकाम्या खुर्च्यांवर पंखे खुशाल फिरत होते, आणि मी मात्र भरलेल्या खुर्चीच्या विजेचें बिल मोजीत होतों!

चाकांच्या टेबलांचें मर्महि मला हळूहळू उमगलें. पुस्तक, वही आणि लॅपटॉप शेजारीं मांडायचे तर जुन्या टेबलावरची एका माणसाची जागा पुरत नाहीं. खिडकीचा उजेड पडद्यावर पडला कीं अक्षरें दिसेनाशीं होतात. तेव्हां टेबल वळवितां आलें पाहिजे. चौघांना मिळून कांहीं करावयाचें असेल तर टेबलें जोडतां यावींत, आणि परीक्षा जवळ आली कीं तींच पुन्हां सुटीं करतां यावींत. डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले. त्यांतल्या शेवटच्या नियमानें ग्रंथालयाला वाढत्या सजीवांत बसविलें आहे. नियम मला पाठ होता. पण सजीवाला जागच्या जागीं वळावें लागतें, हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

भय उरलें होतें तें गोंगाटाचें. त्याचें उत्तर ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाच्या, २००६ सालीं उघडलेल्या साल्टायर सेंटरमध्यें मिळालें. तेथें तळमजल्यावर बोलण्याची मुभा आहे, आणि वर चढत जावें तसतशी शांतता वाढत जाते.

पुढच्या सभेंत मीं माझा विरोध मागें घेतला. या वेळीं कोणी हंसलें नाहीं. दोन गोष्टी मात्र मीं मागून घेतल्या. ज्यांच्यापाशीं स्वतःचें यंत्र नाहीं त्यांच्यासाठीं ग्रंथालयाचे कांहीं लॅपटॉप असावेत. आणि खिडकीशीं दोन सागवानी टेबलें तशींच राहूं द्यावींत, प्लगवांचून आणि बोलण्यावांचून. कांहीं पुस्तकें अजूनहि चिंचेकडे पाहतच समजतात.

दालन तयार झालें तेव्हां मी तेथें जाऊन आलों. एकहि खुर्ची रिकामी नव्हती. त्या मुलीला मीं शोधलें. पण तोंवर तिची परीक्षा होऊन गेली होती, आणि आमचें दालन तिच्या कांहीं उपयोगीं पडलें नाहीं. जिन्याखालची फरशी आतां मोकळी असते. जातां-येतां माझी नजर मात्र तिकडे वळल्याशिवाय राहत नाहीं.